उंदरांऐवजी

नेल्सन,
१४ फेब्रुवारी

चि. गार्थ यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले प्लम पोचले. वरचे छान होते. खालचे टपालबोटीत कुणाच्या तरी बुडाखाली आले असावेत. त्यांचा जॅम करून पाठवते आहे. सौ. रेविनला सांग, साखर कमी पडली आहे, पण बाबांना तीच बरी.

आता मुद्द्याचं. गुरुवारच्या पेपरात माझ्या नावानं एक लेख आला आहे. पेपर तुमच्या खाडीत पोचायच्या आत माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते. मी दिवसभर काय काम करते हे तुला ठाऊक आहे, पण आपण घरात ते कधी नीट बोललो नाही. तुम्हा शेतकऱ्यांनी समुद्रातल्या दोरांवर वाढवलेले शिंपले दर आठवड्याला आमच्याकडे येतात. आम्ही ते दळतो, उकळतो, गाळतो आणि ते पाणी उंदराच्या पोटात टोचतो. मग घड्याळ घेऊन समोर बसायचं. उंदीर जगला तर तुमची काढणी चालू. मेला, तर किती लवकर मेला त्यावरून शिंपल्यात समुद्री शेवाळाचं विष किती उतरलं ते ठरतं. वीसेक वर्षं मी हे करते आहे.

गेल्या हिवाळ्यात एक उंदीर मान टाकत होता आणि मी रेविनच्या वाढदिवसाला काय द्यावं याचा विचार करत होते. त्याचा श्वास थांबला, मी घड्याळ थांबवलं, आकडा लिहिला. लोकरीचा स्कार्फ द्यायचा हेही तेवढ्यात ठरलं. मग हात धुताना लक्षात आलं, की मला काहीच वाटलं नाही. वाईट वाटलं असतं तर कदाचित मी आणखी दहा वर्षं गुपचूप काढली असती.

इथे ऑस्कर डेलाही म्हणून एक निवृत्त गुरांचे डॉक्टर आहेत. त्यांनी चार माणसं जमवली आहेत, मी पाचवी. तपासणी बंद करा असं आम्ही म्हणत नाही. विष वेगळं काढून मोजणारं यंत्र आता आहे. ते उंदरांच्या तोडीचं आहे का ते सरकारनं पडताळून बघावं आणि उंदरांऐवजी ते आणावं, एवढंच मागणं. शनिवारच्या बाजारात चीजवाल्याच्या शेजारी टेबल मांडून सह्या गोळा करतो. आमच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, की सुट्टीच्या दिवशी काय बोलायचं ते बोल, पण प्रयोगशाळेचं नाव घेऊ नकोस आणि पांढरा कोट घालून उभी राहू नकोस. मी म्हटलं, तो कोट बाजारात घालायची मलाही हौस नाही.

तू चिडशील याची कल्पना आहे. चिडून झालं की लिही.

बाबांच्या गोळ्यांवर लक्ष ठेव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
नोलीनताई

■

ताव्हाई खाडी, पेलोरस,
२७ फेब्रुवारी

ती. नोलीनताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि तो पेपर एकाच बोटीनं आले, त्यामुळे तुझा बेत फसला. पेपर बाबांच्या हातात आधी पडला. त्यांनी लेख मोठ्यानं वाचला, मग टपालबोटीच्या कप्तानाला थांबवून त्याला वाचून दाखवला. आमची पोरगी छापून आली, असं म्हणत दिवसभर हिंडत होते. लेखात काय आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. तुझा फोटो आहे ना, झालं.

हॅवलॉकच्या धक्क्यावर मात्र वेगळी हवा आहे. आपल्याच खाडीतला डेस ओरडून म्हणाला, काय रे, तुझ्या बहिणीचा उंदराशी साखरपुडा झाला म्हणे. मी म्हटलं, तुझ्याशी व्हायच्यापेक्षा बरं. सगळे हसले. पण नंतर दोघंतिघं बाजूला घेऊन बोलले, ते हसत नव्हते. ताई, आपला माल परदेशी जातो. तिथल्या गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं, की तपासणाऱ्या बाईचाच तपासणीवर भरवसा नाही, तर तो उद्या चिलीहून शिंपले घेईल. त्याला काय फरक पडतो? आम्ही मग दोरांवर काय वाळत घालायचं?

तुमचे ते ऑस्कर डॉक्टर इथे येऊन गेले. माणूस सज्जन आहे, रेविननं भाजलेले तीन स्कोन खाल्ले. म्हणाले, तुमच्या खाडीतले शिंपले दर आठवड्याला द्या, ते उंदरालाही देऊ आणि यंत्रालाही देऊ, दोन्ही एकच सांगतात का बघू. मी नाही म्हटलं. कारण सरळ आहे. उंदीर निदान मेल्यावर सांगतो. यंत्र नको तेवढं चोखंदळ निघालं आणि चिमूटभर विषालाही बोंबलायला लागलं, तर वर्षाचे सहा महिने आमची काढणी बंद. दुसऱ्या कुणाची खाडी बघा म्हटलं. बाकीच्यांनीही हेच सांगितलंय म्हणे.

रागावलोय, पण तुझ्यावर नाही, असं रेविनला सांगितलं. ती म्हणाली, मग कुणावर? ते अजून ठरलेलं नाही.

बाबा बरे आहेत. रोज दगडांवर उतरतात आणि डबाभर शिंपले काढून आणतात. दोरांवरच्यांना चव नाही असं मलाच ऐकवतात. जिव्हाळा आहे तेवढा शाबूत आहे, काळजी नको.

तुझा,
गार्थ

■

नेल्सन,
११ एप्रिल

चि. गार्थ यास अनेक आशीर्वाद.

झाडाखाली फीजोआची फळं पडायला लागली आहेत. तुमच्याकडे झाड नाही म्हणून पेटीभर पाठवते आहे. या वेळी बोटीत कुणाला वर बसू देऊ नकोस.

तुझं म्हणणं मी ऑस्करना जसंच्या तसं सांगितलं. ते रागावले नाहीत. ज्याच्या ताटावर परिणाम होतो तो आधी ताट झाकणारच, असं म्हणाले. मग विचारलं, स्कोनमध्ये खजूर होता का.

मंगळवारी मी रेडिओवर बोलले. तुम्ही ऐकलं असेल. तुमच्या शेजारच्या खाडीची गोष्ट सांगितली. तिची काढणी मार्चमध्ये दहाबारा दिवस बंद होती आणि मग कळलं, की विष नव्हतंच. टोचलेल्या पाण्यात क्षार जास्त होते, उंदीर त्यानं मेले होते. निवेदक मुलगी हुशार होती. तिनं नेमकं तेच धरलं आणि विचारलं, म्हणजे उंदीर खोटंही बोलतो का? मी म्हटलं, उंदीर बोलतच नाही, तो नुसता मरतो. तो कशानं मेला हे आपण आपल्या मनानं ठरवतो. हे वाक्य लोकांना फार आवडलं. बाजारात दोन बायका तेवढं सांगायला थांबल्या आणि सही करून गेल्या. प्रयोगशाळेत चहाच्या वेळेला माझ्या टेबलावर बसायला मात्र हल्ली कुणी येत नाही.

सह्यांचा गठ्ठा आता वेलिंग्टनला, संसदेकडे जाईल. पुढे एखाद्या समितीनं बोलावलं तर जावं लागेल. मला सभेत बोलायची सवय नाही, पण रेडिओनंतर वाटतं, की जमेल. खरं सांगू, बऱ्याच वर्षांनी मला जरा बरं वाटतं आहे.

बाबांना म्हणावं, रेडिओवर फोटो दिसत नाही, तेव्हा या वेळी काय म्हटलं ते तरी ऐका. लोभाला खंड नको.

तुझी,
नोलीनताई

■

ताव्हाई खाडी,
१५ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

आपली खाडी बंद झाली, हे तुला माझ्याआधी कळलं असणार. ऐन काढणीत. बोट ठरवलेली, माणसं ठरवलेली. पाणी आरशासारखं आहे, शिंपले असे भरलेत, की उघडले की मांस हाताला लागतं. आणि धक्क्यावर लाल पाटी.

पेपरवाला फोनवर होता. मी त्याला सांगून टाकलं, की ज्या तपासणीवर आम्हाला बंद केलंय ती तपासणी करणारी माझी सख्खी बहीण रेडिओवर सांगते, उंदीर कशानंही मरतो. आता सांगा म्हटलं, आम्ही का भोगायचं? त्यानं तसंच छापलं. आधी तुझ्या त्या चळवळीला नावं ठेवली ती मागे घेतो. चांगली काठी दिलीस हातात. डेससुद्धा म्हणाला, तुझी बहीण कामाची आहे.

जेवताना दुसरा विषय नाही. बाबा म्हणतात, मार्चमध्ये शेजारी झालं तेच इथे झालंय, उंदरांना सर्दी झाली असेल. रेविन तेवढी गप्प असते.

लवकर उघडा म्हणावं तुमच्या साहेबांना. आणि फीजोआ गोड होते. माया असू दे, आणि जमलं तर थोडी वशिलेबाजीही.

तुझा,
गार्थ

■

नेल्सन,
१९ मे

चि. गार्थ, आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे. आज फोन केला तर तू बोटीवर होतास, बाबांनी उचलला. मी त्यांना सांगितलं, की पाटी उतरेपर्यंत दगडांवरचे शिंपले खायचे नाहीत. ते म्हणाले, तूच ना ती रेडिओवरची? मी म्हटलं, मी असं म्हटलं नव्हतं. तर म्हणाले, मग कोण म्हणालं, तुझा आवाज मी ओळखतो. आणि माझं पोट काय उंदराएवढं आहे का, असं विचारून हसायला लागले. त्यांचं हसणं तुला माहीत आहे. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र चैन पडेना, पुन्हा लावला तर लागेना, म्हणून हे पत्र.

नीट वाच. उंदीर दुसऱ्या कशानं मेला तर ती चूक तुमच्या खिशाला लागते. म्हणून उंदीर मेला की विष नसतंच, असं होत नाही. तपासणी वाईट आहे असं मी म्हणते; ती नेहमी खोटी आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तुमच्या खाडीचे या वेळचे उंदीर माझ्या समोर मेले. सांगायची परवानगी नाही, तरी सांगते. ते क्षारांनी मेलेले नव्हते. मरण्याची तऱ्हा वेगळी असते, मला ती कळते.

हे विष उकळून जात नाही, व्हिनेगरनं जात नाही. ओठांना मुंग्या आल्या तर वाट बघू नका. बाबांना तू सांग. तुझं ऐकतील. आणि पेपरवाल्याला माझं नाव सांगणं बंद कर.

पत्र पोचल्याचं कळव.

नोलीनताई

■

ताव्हाई खाडी,
२० जून

ती. वन्संना रेविनचा सा. न.

दफनाच्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, की बाबांचं नक्की कसं झालं. तेव्हा घरात माणसं होती आणि गार्थ दाराशी उभे होते, म्हणून मी नंतर सांगते म्हटलं. आता सांगते.

तुमच्या फोननंतरच्या शनिवारी दुपारी त्यांनी डबाभर शिंपले आणले आणि बाहेरच्या चुलीवर उकळले. मी आत पाव भाजत होते. मला हाक मारून म्हणाले, ये, नोलीनच्या उंदरांच्या वाटचे खाऊ. मी म्हटलं, बाबा, पाटी आहे ना. ते म्हणाले, पाटीला वाचता येत नाही. मी काढून घ्यायला हवे होते. नाही घेतले. मला वाटलं, एवढ्या वर्षांचा माणूस, या दगडांवर लहानाचा मोठा झालेला.

अर्ध्या तासानं आत आले आणि म्हणाले, ओठांवर मुंग्या चालतात. त्यांना गंमत वाटत होती. मग बोटं. कप धरता येईना. मग पाय. मी फोन लावला, गार्थना बोटीवर रेडिओवरून बोलावलं. हेलिकॉप्टर निघालं म्हणाले, पण वारा होता. बाबा जमिनीवर आडवे होते, डोळे उघडे होते, सगळं कळत होतं. बोलता येत नव्हतं. मग श्वास थांबला. फोनवरची बाई सांगत होती तसा मी तोंडानं श्वास देत राहिले. गार्थ आल्यावर आळीपाळीनं दिला. माझे ओठ बधिर झाले, तेव्हा वाटलं, विष मलाही लागलं. ते नुसते थकले होते.

हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा उशीर झाला होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तुमचं एकोणीस तारखेचं पत्र पुढच्या टपालबोटीनं आलं. दफनानंतर मी ते वाचलं आणि गार्थना दिलं. त्यांनी वाचून घडी घातली आणि बोटीवर गेले. ते तुमच्याशी बोलत नाहीत असं समजू नका. ते कुणाशीच बोलत नाहीत. सकाळी उठतात, दोर तपासतात, येतात, जेवतात. मीठ मागायचं तर हात पुढे करतात. मीही तशीच आहे. भांडी घासते आणि मग लक्षात येतं, की ती आधीच घासलेली होती.

तुम्ही काहीतरी खात जा. इथली दारं तुमच्यासाठी आहेत तशीच आहेत, एवढं मी माझ्यापुरतं सांगते.

आपली,
रेविन

■

नेल्सन,
८ ऑगस्ट

सौ. रेविन हिस आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. कागद घेऊन बसते आणि ऑफिसात जायची वेळ होते.

तू काढून घ्यायला हवे होतेस असं लिहिलंस. ते खोडून टाक. तू श्वास दिलास. आपल्या तिघांत काहीतरी करणारी तू एकटीच.

मी कामावर जाते. साहेब म्हणाले, ताव्हाईचे नमुने दुसरी कुणी बघेल. मी म्हटलं, नको. जून संपेपर्यंत तुमच्या खाडीचे उंदीर मरत होते, मी बघत होते. मी घड्याळ लावलं, थांबवलं, आकडा लिहिला.

सह्यांचं पुढे सरकलं आहे. समितीनं ऑक्टोबरात बोलावलं आहे. ते कळलं त्याच सुमारास इथल्या पेपरात एका गृहस्थांचं पत्र आलं, की या बाईंच्या प्रचारामुळे एक जीव गेला आणि तो त्यांच्याच घरचा होता, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? ऑस्कर मला पेपर दाखवायला तयार नव्हते. मी आधीच वाचला होता. ते म्हणाले, तू मागे हो, तुला कुणी नावं ठेवणार नाही, मी जातो वेलिंग्टनला. मी विचार करते म्हटलं. पण विचार होत नाही, रेविन. डोक्यात विचाराच्या जागी पांढरं काहीतरी आहे.

गार्थला सांगावं असं काही नाही. तो जेवतो आहे ना, एवढं कळव. तुझी माया मला पुरते.

नोलीनताई

■

ताव्हाई खाडी,
१२ सप्टेंबर

नोलीनताईस,

तू वेलिंग्टनला जाणार असं रेविनकडून कळलं. जा. तुला अडवणारा मी कोण?

बाबांचं नाव तिथे घेऊ नकोस. तुझ्या बाजूनं घेऊ नकोस आणि विरुद्धही घेऊ नकोस. आधी तू रेडिओवर बोललीस, मग मी पेपरात बोललो, मग ते जेवणाच्या टेबलावर बोलले. खूप बोलून झालं.

गार्थ

■

नेल्सन,
२३ ऑक्टोबर

चि. गार्थ यास आशीर्वाद.

काल वेलिंग्टनहून परतले. बाबांचं नाव मी घेतलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

खोली लहान होती. लांब टेबल, पाण्याचे जग, समितीची सात-आठ माणसं. ऑस्कर आधी बोलले, छान बोलले. मग मी. माझ्यापुढे लिहिलेला कागद होता, पण समोर बसलेल्या प्रत्येकानं ते पेपरातलं पत्र वाचलेलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते विचारणार नव्हते आणि मनात तेवढंच ठेवणार होते. म्हणून मी कागद बाजूला ठेवला आणि सांगितलं, की मे महिन्यात ज्या खाडीत माणूस मेला तो माझा बाप होता. ती खाडी बंद होती. ती ज्या उंदरांमुळे बंद झाली ते उंदीर मीच टोचले होते. उंदरांनी खरं सांगितलं होतं. आणि मी रेडिओवर जे म्हटलं होतं त्यातलं अर्धंच माझ्या बापानं ऐकलं, कारण मी ते अर्धंच ऐकू येईल अशा चटकदार रीतीनं सांगितलं होतं.

मग एका सभासदानं विचारलं, की हे सगळं असताना तुम्ही इथे काय मागायला आलात? तो आवाज दुष्ट नव्हता. दक्षिणेकडचा मेंढ्यांचा शेतकरी आहे तो. मी म्हटलं, जे मागत होते तेच. उंदराच्या बाजूनं खरं निघालं म्हणून ती रीत चांगली ठरत नाही. उंदीर मरतो तेव्हा विष आधीच भरपूर चढलेलं असतं. यंत्राला ते चढताना दिसतं. आणि उंदीर कशानं मेला यावर लोक वाद घालू शकतात, मी स्वतः घातला. त्या वादात माणसाला हसून डबा चुलीवर ठेवायला जागा मिळते.

त्यानं विचारलं, यंत्र असतं तर तुमचे वडील वाचले असते? मी म्हटलं, माहीत नाही. ते यंत्रालाही हसले असते. मग त्यानं विचारलं, तुम्ही स्वतःला जबाबदार धरता का? मी हो म्हटलं, आणि पुढचा प्रश्न काय असं विचारलं. ऑस्कर नंतर म्हणाले, की त्या वेळी माझा आवाज रेल्वेच्या वेळा सांगणाऱ्या बाईसारखा होता. असेल. मला आत काही ऐकू येत नव्हतं.

समितीचं म्हणणं असं, की मागणी रास्त आहे, पण पडताळणी कुठे आहे? यंत्र आणि उंदीर यांची जोडी लावून बघायला खऱ्या विषाचे नमुने हवेत, वर्षभर, एकाच खाडीतले. ते कुणी देत नाही. त्यामुळे ठराव बासनात गेल्यासारखाच आहे. चेअरमन बाईंनी दाराशी माझा हात धरला. मी आभार मानून निघाले. परतीच्या बोटीवर मला भूक लागली होती, मटणाचं पॅटिस खाल्लं. हे सगळं तुला सांगायलाच हवं होतं असं नाही. पण आणखी कुणाला सांगू?

तू म्हणालास तसं मी वागले नाही. यावर तुला जे वाटेल ते वाटू दे. मी इथेच आहे.

नोलीनताई

■

ताव्हाई खाडी,
१४ नोव्हेंबर

ताईस,

उद्याच्या बोटीनं बर्फाची पेटी येते आहे. दोन पिशव्या आहेत. निळ्या दोऱ्याची ती माझ्या दोरांवरची, बिनदोऱ्याची ती घराखालच्या दगडांवरची. तुझ्या डॉक्टरांना दे. दोन्हींतले अर्धे शिंपले उंदरांना, अर्धे यंत्राला. दर सोमवारी येत जातील.

डेस आणि दुसरे दोघं आधी नाही म्हणाले. मी म्हटलं, मग माझे एकट्याचे जातील आणि पेपरात खाडीबरोबर नाव माझ्या एकट्याचं येईल. डेस टोपी काढून धक्क्यावर बराच वेळ बसला. पुढच्या आठवड्यापासून त्याचेही येतील. यंत्रानं सहा महिने बंद ठेवलं तर सहा महिने बंद.

समितीतलं कळलं. रेविननं वाचून दाखवलं. नाव घ्यायला मी नको म्हणालो होतो.

बर्फ वितळायच्या आत पेटी उचल.

गार्थ

■

नेल्सन,
३० मार्च

चि. गार्थ यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पहिल्या पेटीला पाच हिवाळे होऊन गेले. तेवढ्या काळात आपण एकमेकांना बर्फ, दोऱ्याचा रंग आणि बोटीची वेळ एवढंच लिहिलं. मला त्याचीही सवय झाली होती. सोमवारी पिशवीवर तुझं अक्षर दिसलं, की तू आहेस एवढं कळायचं.

काल मंजुरीचं पत्र आलं. या विषासाठी आता यंत्राचा निकाल पुरेल, उंदीर लागणार नाहीत. पडताळणीचा मोठा भाग तुमच्या खाडीच्या नमुन्यांवर उभा आहे, असं त्यात नावानिशी आहे. ऑस्कर असते तर त्यांनी दिवसभर फोन केले असते. गेल्या वर्षी गेले ते. त्यांच्या बायकोला मी सांगून आले.

आता जे लिहायचं ते. खोलीत उंदीर शिल्लक होते. मागच्या महिन्याच्या मागणीतले, धडधाकट. मी साहेबांना विचारलं, यांचं काय? ते म्हणाले, नियम आहे, प्रयोगशाळेतले उंदीर बाहेर सोडता येत नाहीत आणि ठेवताही येत नाहीत, मारावेच लागतात. कुणीच माझ्याकडे बघितलं नाही, मुद्दाम. केक आणला होता कुणीतरी, वर निळ्या अक्षरांत अभिनंदन लिहिलेलं. तो कापायचा राहिला होता.

मी म्हटलं, मी करते. दुसऱ्या कुणाला सांगणं बरं नव्हतं. खोलीचं दार लावलं. एकेकाला हातात घेतलं. ते माणसाळलेले असतात, गार्थ, बोटाशी नाक आणतात. या वेळी घड्याळ नव्हतं, कारण मोजायचं काही नव्हतं. आकडा लिहायचा नव्हता. तिसऱ्या का चौथ्या उंदराला मला बाबांची हनुवटी आठवली, दाढी करताना वर करायचे तशी. मग मला दिसेना. भिंतीला टेकून जमिनीवर बसले. किती वेळ बसले ते माहीत नाही. बाबा गेल्यापासून मी रडले नव्हते. दफनाच्या दिवशीही नाही, तू बघितलंस. मग उठले आणि राहिलेलं पुरं केलं.

बाहेर आले तर केक तसाच होता. मी कापला आणि सगळ्यांना दिला.

जूनमध्ये मी निवृत्त होते आहे. त्याआधी ईस्टरला चार दिवस सुट्टी आहे. तुमच्याकडे यावं असं मनात आहे. नको असेल तर तसं लिही, मला वाईट वाटणार नाही, असं लिहिणार होते. पण वाईट वाटेल.

तुम्हा दोघांना माझी माया.

नोलीनताई

■

ताव्हाई खाडी,
६ एप्रिल

ती. नोलीनताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र रेविननं वाचलं, मग मी वाचलं, मग मी ते घेऊन शेडमध्ये गेलो.

ये. शुक्रवारी हॅवलॉकच्या धक्क्यावर बोट घेऊन उभा असतो. टपालबोटीनं येऊ नकोस, ती सगळ्या खाड्या फिरत येते. मागची खोली रेविननं उघडली आहे. ती मेंढीची तंगडी भाजणार आहे. आपल्या घरात शिंपले शिजत नाहीत. बाबा गेल्यापासून मी एक तोंडात घातलेला नाही. धक्क्यावर कुणाला सांगू नकोस, माझा धंदा आहे.

आल्यावर काय बोलायचं ते मला माहीत नाही. उत्तरेचे दोर पाण्यावर धरून ठेवणारे तरंगे बदलायचे राहिलेत. त्याला दोन माणसं लागतात, एक बोट धरायला आणि एक गाठ मारायला. तुला गाठ येते. जाड हातमोजे आण, पाणी गार आहे.

तुझा,
गार्थ